चौकटीच्या कडेचे गाव

उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र, पूर्वेस राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आणि दक्षिणेस मुंबईची हद्द, अशा चतुःसीमेत वसलेल्या मीरा-भाईंदर या शहराचे महसुली दप्तर बरेच तपशीलवार आहे. कोणत्या मौज्यातील कोणता भूखंड भातशेतीचा, कोणता खाजणाचा, मिठागर कशावर होते आणि जमीन बिनशेती केव्हा झाली, हे फेरफारांच्या नोंदी धुंडाळणाऱ्याला चिकाटी असेल तर सापडते. सापडत नाही ते त्या भूखंडाचे रूप: बांधावर झाडे कोणती होती, पायवाट कुठे वळत होती, उधाणाचे पाणी कुठवर चढत असे. याची साक्ष देणारी कागदपत्रे कचेरीत नसतात. असलीच तर ती घरोघरच्या अल्बमांत असतात. आणि अशा अल्बमांचा, म्हणजे पर्यायाने येथल्या हौशी छायाचित्रणाचा, मागोवा घेऊ लागले म्हणजे एक विचित्र गोष्ट ध्यानात येते, ती ही की ज्या काळाचे दर्शन घडावे अशी आपल्याला सर्वांत अधिक उत्सुकता वाटते, त्याच काळाची छायाचित्रे सर्वांत विरळ आहेत.

तो काळ १९८५ ते २००२ या दोन सालांच्या दरम्यानचा. पहिल्या साली अनेक ग्रामपंचायती एकत्र करून येथे नगरपरिषद स्थापन झाली आणि दुसऱ्या साली तिची महानगरपालिका झाली. १९९१ च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या आसपास होती. २००१ साली ती ५,२०,३८८ आणि २०११ साली ८,०९,३७८ भरली. दहा वर्षांत तिपटीने माणसे वाढतात तेव्हा त्यांच्यासाठी इमले उठतात, इमल्यांसाठी भराव पडतो, आणि भरावाखाली जे जाते ते पुन्हा वर येत नाही. एवढे सगळे डोळ्यांदेखत घडत असताना कॅमेरा जवळ असणाऱ्यांनी, आणि तो पुष्कळांजवळ होता, ते टिपले का नाही, याचे उत्तर अरसिकतेत शोधू नये. ते घरखर्चाच्या वहीत शोधावे.

मुंबईत छायाचित्रणकला फार लवकर आली. १८५४ साली येथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखी आपली माणसे त्या पहिल्या पिढीतच या विद्येत पारंगत झाली. परंतु काचेच्या पट्ट्या, रसायने आणि तंबू बरोबर वागवणारा तो छायाचित्रकार लेणी, किल्ले आणि निरनिराळ्या जातिजमातींची माणसे यांकडे, म्हणजे आधीपासूनच द्रष्टव्य ठरलेल्या विषयांकडे वळे. द्रष्टव्य आणि अद्रष्टव्य असा हा भेद पुढे कॅमेरा खिशात मावू लागल्यावरही शंभर-सव्वाशे वर्षे टिकला, कारण कॅमेरा लहान झाला तरी फिल्म फुकट झाली नव्हती.

बडोद्यास तयार होणारा ‘आग्फा क्लिक थ्री’ हा मध्यमवर्गीय महाराष्ट्रीय घरातला बहुधा पहिला कॅमेरा. त्याच्या रिळावर बारा चौकोनी चित्रे निघत. ऊन, ढगाळ हवा आणि पिवळी काच एवढेच त्याचे पर्याय. पुढे पस्तीस मिलिमीटरचे छत्तीस चित्रांचे रीळ आले, ऐंशीच्या दशकात ‘हॉट शॉट’ आला, उदकमंडलमच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचे ‘इंदू’ रीळ होतेच. पण रीळ विकत घ्या, मग धुवायला टाका, मग कॉप्या काढा, असा तिहेरी खर्च कधी चुकला नाही. त्यामुळे कॅमेऱ्याची किल्ली घरातल्या कर्त्या पुरुषाकडे असे आणि मुंज, बारसे, महाबळेश्वर, गणपती या अनुक्रमाने रीळ पुरवून वापरले जाई. गणपतीला घातलेले रीळ दिवाळीपर्यंत संपले नाही तर उरलेली दोन चित्रे संपवण्यासाठी मुलांना गॅलरीत उभे करीत. माझ्या मते त्या काळातील अत्यंत मोलाची छायाचित्रे हीच, रीळ संपवण्यासाठी काढलेली. कारण त्यांत पाहण्यासारखे काही असावे असा आग्रहच कोणी धरलेला नसे.

मीरा-भाईंदरच्या अल्बमांत याखेरीज एक खास प्रकार आढळतो, तो म्हणजे ताबा घेतल्याच्या दिवसाचे छायाचित्र. गिरगाव, परळ, दादर येथल्या चाळींतून निघून, कोणी गिरणीचा संप मोडून पडल्यावर, कोणी १९९२-९३ च्या दंगलींनंतर जीव मुठीत धरून, कोणी केवळ भावाभावांत खोली पुरेना म्हणून, माणसे या बाजूला आली आणि ज्या दिवशी बिल्डरने किल्ली हातात ठेवली त्या दिवशी त्यांनी नारळ फोडून गच्चीवर फोटो काढला. असा एक फोटो एका परिचितांच्या घरी मी बराच वेळ न्याहाळला आहे. पुढे नवरा, बायको, दोन मुले आणि पाटणकाठी नऊवारीतली आजी. आजीने डोळे मिटलेले आहेत. त्यांच्या मागे गच्चीचा कठडा, त्यावर अजून न काढलेल्या फळ्या, आणि कठड्यापलीकडे, उजव्या कोपऱ्यात, सूर्यप्रकाशाने जवळजवळ जळून गेलेला एक पांढरा पट्टा: मिठागर. भिंग डोळ्याशी धरले तर त्यात मिठाच्या तीन राशी दिसतात आणि एका राशीजवळ लांब दांड्याचे फावडे धरलेला माणूस. फोटो काढणाऱ्याला हा माणूस दिसला नसणार. दिसता तर ‘थोडे डावीकडे सरका’ असे म्हणून त्याने आजीआड त्याला घालवले असते.

मिठागराचे छायाचित्र न निघण्यास तांत्रिक कारणही होते. भरतीचे पाणी बांधाच्या उघाडीतून आत घ्यायचे, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत उन्हाने आटवायचे, शेवटच्या उथळ वाफ्यात मीठ धरू लागले की ते ओढून बांधावर रास घालायची, असे हे काम हिवाळ्यापासून मृगाच्या तोंडापर्यंत चालते, आणि त्याचा भर ऐन उन्हाळ्यात, अर्थात प्रकाश सर्वांत निष्ठुर असताना येतो. साध्या कॅमेऱ्याला एवढा उजेड सोसत नाही, मीठ आणि आकाश एकजीव होऊन कागद कोरा राहतो. प्रकाशमापक असलेल्या महाग कॅमेऱ्याची अडचण उलटी: समोरचे सगळे मध्यम करड्या छटेचे असणार असे गृहीत धरून तो मोजतो, सबब शुभ्र मीठ मळकट राखाडी उमटते. एकदोन टप्पे उजेड वाढवून हे सुधारता येते, पण ते कळेपर्यंत रीळ संपलेले असे. येथल्या मिठागरांचा काही भाग अद्याप शिल्लक आहे आणि थंडीत तेथे पाणपक्षी पाहायला येणाऱ्या मंडळींकडे आता उत्तम भिंगे असतात. त्यांच्या चित्रांत पक्ष्यांची पिसे मोजावीत इतकी स्पष्ट. मीठ मात्र पार्श्वभूमी म्हणून मुद्दाम धूसर केलेले!

भाईंदर पश्चिमेकडून उत्तनला जाणारी बस हा हौशी छायाचित्रकाराचा दुसरा मार्ग. मुर्धे, राई, मोर्वे ही आगरी गावे मागे टाकून ती डोंगरीच्या चढाला लागते आणि तेथून खाली उतरली की हवेला सुकटीचा वास येतो. या किनाऱ्यावर धारावीचा किल्ला आहे, १७३९ च्या वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी घेतलेला. त्याचे थोडेच अवशेष उरले आहेत, तरी छायाचित्रे पुष्कळ निघतात, कारण किल्ला द्रष्टव्य ठरलेला आहे. बोंबील सुकवण्याच्या बांबूंच्या चौकटींचे भाग्य त्यानंतर, बऱ्याच उशिरा उघडले. बोंबलाच्या तोंडात बोंबलाचे तोंड अडकवून दोरीवर जोडीजोडीने टाकण्याची जी युक्ती कोळीण बोलता बोलता, हाताकडे न पाहता करते, ती कॅमेऱ्याने पकडणे सोपे नाही. मी ज्या ज्या वेळी प्रयत्न केला त्या त्या वेळी बोटे तरी पुसट आली किंवा बोंबील तरी. शिवाय नुसता फोटो काढून निघणाऱ्यास तेथे चार शब्द ऐकावे लागतात, आणि ते ऐकावेत हेच न्याय्य. सुके बोंबील विकत घेतले की मग हवा तेवढा वेळ उभे राहू देतात. याच रस्त्याने पुढे गोराईच्या एस्सेलवर्ल्डला जाता येई. १९८९ साली सुरू होऊन २०२२ मध्ये बंद पडलेल्या त्या क्रीडानगरीतील पाळण्यांची छायाचित्रे नाहीत असे घर या भागात शोधून सापडायचे नाही; तेथे ज्या वाटेने गेलो त्या वाटेचे छायाचित्र मात्र जवळपास कोणाकडेच नाही.

हा द्रष्टव्याचा जुलूम अखेर मोडला तो रसिकतेच्या वाढीने नव्हे, यंत्राच्या कृपेने. स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने कोडॅकच्या प्रयोगशाळेत १९७५ साली बनवलेला पहिला डिजिटल कॅमेरा एक कृष्णधवल चित्र फितीवर उतरवायला तेवीस सेकंद घेत असे. त्याच कोडॅकने २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि त्या सुमारास लोकलच्या दारात लटकणाऱ्या मुलाच्याही हातात कॅमेरा आला होता. भाईंदर सोडून गाडी नायगावच्या दिशेने खाडीपुलावर चढली की आजही दारातले हात बाहेर येतात, काही निर्माल्याची पिशवी टाकण्यासाठी, काही मोबाइल धरून. निर्माल्य टाकणाऱ्यांनी खालच्या पाणजू बेटावरच्या, पुलावरून पायी येणाऱ्या-जाणाऱ्या रहिवाशांचा विचार करावा एवढेच म्हणावेसे वाटते. मोबाइल धरणाऱ्यांविषयी माझी तक्रार नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत भाईंदर-वसई रो-रो बोट सुरू झाली तेव्हापासून तोच पूल पाण्याच्या पातळीवरूनही टिपला जातो आहे, आणि शे-दीडशे वर्षांत त्या खाडीकडे खालून वर पाहणाऱ्या कॅमेऱ्यांची संख्या इतकी कधीच नसेल.

अशा ऊठसूट काढलेल्या छायाचित्रांना नाके मुरडणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांत माझे काही कलावंत मित्रही आहेत. वड्याचा फोटो, खड्ड्याचा फोटो, मेट्रोच्या खांबाचा फोटो, हे काय छायाचित्रण, असे ते विचारतात. मला त्यांना पॅरिसच्या युजेन आत्जेची आठवण द्यावीशी वाटते. जुन्या पॅरिसच्या गल्ल्या, दुकानांच्या काचा, जिने, अंगणे तो वर्षानुवर्षे टिपत राहिला, आणि ती चित्रे कला म्हणून नव्हे, चित्रकारांना उपयोगी पडतील असे दस्तऐवज म्हणून विकत असे. आपल्याकडचा खड्ड्याचा फोटो काढणारा आत्जे नव्हे हे मान्य. पण त्याने काढलेल्या खड्ड्यामागे दुकानांच्या पाट्या आहेत, रिक्षांची रांग आहे, भाईंदर पूर्वेच्या गाळ्यातून स्टीलच्या पातेल्यांची चळत डोक्यावर घेऊन निघालेला हमाल आहे. भीती आहे ती वेगळीच. त्या ताबाचित्राची निगेटिव्ह प्लास्टिकच्या पाकिटात तीस-पस्तीस वर्षे बिनतक्रार राहिली. मोबाइलातली हजारो छायाचित्रे ‘जागा भरली’ अशी सूचना येताच एका झटक्यात पुसली जातात, आणि पुसताना मुलांचे वाढदिवस ठेवून खड्डे आधी जातात.

सध्या या शहरात छायाचित्रणाचा एक नवा प्रकार उदयास आला आहे आणि तो पुन्हा दप्तराच्या वाटेने आला आहे. ऐंशीच्या दशकात उभ्या राहिलेल्या, ताबाचित्रांत दिमाखाने मिरवलेल्या त्या इमारती आता जीर्ण झाल्या. दर पावसाळ्यापूर्वी अतिधोकादायक इमारतींची यादी निघते, संरचनेची तपासणी होते, पुनर्विकासाच्या फायली तयार होतात. त्या फायलींसाठी सोसायटीचे सचिव मोबाइल घेऊन इमारतभर हिंडतात आणि ज्यांकडे चाळीस वर्षांत कोणी कॅमेरा रोखला नाही त्या साऱ्यांची, जिन्याच्या कठड्याची, पोपडे धरलेल्या स्लॅबची, मोझॅकच्या लाद्यांची, पत्रपेट्यांवरच्या अर्धवट पुसलेल्या नावांची, गच्चीवरच्या टाकीची, एकेक करून छायाचित्रे काढतात. अशा फायलींतील प्रती मी ओळखीपाळखीने मागून घेतो. ‘तुम्ही आमच्या इमारतीत राहत नाही, मग तुम्हाला कशाला हव्यात?’ हा प्रश्न ठरलेला असतो. मी कारण सांगतो. ते त्यांना पटत नाही, पण बहुतेक जण रात्री उशिरा का होईना, सगळे फोटो पाठवून देतात, आणि वर कळवतात की तिसऱ्या मजल्यावरच्या तड्याचा राहिला होता तोही उद्या काढून ठेवतो.