२२ए, २२बी, २२सी

क्युपर्टिनोत ॲपलच्या मुख्यालयापासून गाडीने काही मिनिटांवर डी अँझा कॉलेज आहे. कॅलिफोर्नियातल्या शंभराहून अधिक कम्युनिटी कॉलेजांपैकी हे एक, १९६७ सालचं. प्रवेशाला ना परीक्षा, ना टक्क्यांची अट. शाळा संपवलेला किंवा वयाची अठरा वर्षं पूर्ण केलेला कोणीही नाव घालू शकतो. एकोणीस वर्षांच्या पोराशेजारी दिवसभर दुकानात उभं राहून आलेला दोन मुलांचा बाप बसतो. कट-ऑफच्या याद्यांत नाव शोधत मोठ्या झालेल्या आपल्याला या उघड्या दाराचं मोल वेगळं सांगायला नको.

हे दार १९६०च्या उच्च शिक्षणाच्या राज्य आराखड्याने पक्कं केलं. वरच्या आठव्या हिश्शातल्या मुलांना युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, वरच्या तिसऱ्या हिश्शाला स्टेट कॉलेजं, आणि कम्युनिटी कॉलेज सर्वांना. तिथे दोन वर्षं काढून विद्यापीठात जायची वाटही ठेवली. ॲपलचा सहसंस्थापक स्टीव्ह वॉझनियाक याच वाटेने बर्कलेला गेला. त्याआधी कोलोरॅडोच्या विद्यापीठात त्याने कॉम्प्युटरचा वेळ इतका वापरला की खर्चाचा अंदाज कोलमडला. मग एक वर्ष डी अँझात. पुढे १९८४च्या जानेवारीत ॲपलचा मॅकिंटॉश कॉम्प्युटर जगासमोर आला, तोही याच कॉलेजच्या फ्लिंट सेंटरमध्ये.

इथल्या सी++ या प्रोग्रामिंग भाषेच्या अभ्यासक्रमाची शिडी तीन पायऱ्यांची: २२ए, २२बी, २२सी. प्रत्येक पायरी बारा आठवड्यांच्या एका सत्राची. पहिलीत व्हेरिएबल, लूप, फंक्शन; माणूस खुशीत असतो. दुसरीत पॉइंटर भेटतो. पॉइंटरच्या पोटात वस्तू नसते, वस्तूचा पत्ता असतो. घर पाडलं तरी वहीतला पत्ता तसाच राहतो. त्या पत्त्यावर पुन्हा गेलं की प्रोग्राम कधी जागीच कोसळतो, तर कधी दहादा नीट चालून अकराव्यांदा भलतंच उत्तर देतो, आणि हे दुसरं फार वाईट. नुसतं वाचून ही चूक सापडत नाही. कागदावर मेमरीचे चौकोन काढायचे, बाण ओढायचे, एकेक ओळ हाताने चालवून बघायची. खरी प्रवेशपरीक्षा ही, असं मला वाटतं. ती दाराशी नाही, घरात शिरल्यावर आहे, आणि नापास झालेल्याला पुन्हा बसता येतं.

तिसऱ्या पायरीला लिंक्ड लिस्ट, ट्री, हॅश टेबल हे माहिती रचून ठेवायचे साचे स्वतःच्या हाताने बांधायचे. सगळं आयतं मिळत असताना हा खटाटोप कशाला? दहा लाख नावांत एक नाव ओळीने शोधायचं तर दहा लाख वेळा बघावं लागू शकतं. नीट बांधलेल्या ट्रीमध्ये विसेक तुलना पुरतात. हा फरक ज्याने स्वतः बांधून पाहिला, तो विसरत नाही.

कॉलेजच्या आसपास मराठी घरंही पुष्कळ. एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर नवऱ्यामागे आलेल्या, स्वतः इंजिनिअर असलेल्या कितीतरी बायकांना इथे नोकरीची मुभा नव्हती, शिकायची होती. मुलाला शाळेत सोडून कॉलेज गाठणाऱ्या या विद्यार्थिनींबद्दल मला सर्वांत जास्त आदर आहे. २०१५ साली नियम बदलला. नवऱ्याचं ग्रीन कार्डाचं काम ठरावीक टप्प्यावर पोहोचलं असेल, तर बायकोलाही कामाचा परवाना मागता येऊ लागला. जिची २२सी तोवर झाली होती, तिच्या बायोडेटात लग्नानंतरच्या वर्षांपुढे लिहायला काहीतरी होतं.