यंत्र आणण्यापूर्वीचा हिशेब

औषधनिर्माणशाळेत पल्व्हरायझर घ्यावयाचे ठरत आले की मालक कामगारांना बोलावून विचारतात, 'तुमचे मत काय?' ही घाई होय. आधी महिनाभर नोंद ठेवावी: कोणते चूर्ण किती, कुटण्यास वेळ किती, चाळण्यास किती. 'आयुर्वेदिक फॉर्म्युलरी'नुसार चूर्ण ८० क्रमांकाच्या चाळणीतून उतरले पाहिजे. खोळंबा नेमका कोठे होतो, हे या नोंदीतच दिसते. वेलची, लवंग यांचे सुगंधी तैल यंत्राच्या उष्णतेने उडते. ती द्रव्ये वगळून यंत्रास काम किती उरते तेही मोजावे.

मुरबाड-शहापूरकडे भातलावणीला माणसे शेतावर जातात. आषाढातला तुटवडा वर्षभराचा समजू नये.

कुटणाऱ्या बायांचे काम राहणार काय, हा खरा प्रश्न. आकडे हाती नसता 'कोणी कमी होणार नाही' असे सांगणे सोपे, पाळणे कठीण. म्हणून ठरलेले व ठरावयाचे असे दोन रकाने लिहूनच बैठक घ्यावी. दुसरा रकाना कोरा असेल तर तीस विचारविनिमय न म्हणता सूचना म्हणावे.

कामाचे तास, पाळ्या वा कामगारसंख्या बदलणार असल्यास २१ दिवसांच्या पूर्वसूचनेचा नियमही तपासावा. १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमातील ही तरतूद २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे.