पुस्तकातून पडद्यावर (भाग ७) : कॅकल बाईंच्या शाळेत

मागच्या भागात आपण जाडजूड कादंबरी दोन तासांच्या चित्रपटात कोंबताना काय काय गळतं ते पाहिलं. आज उलटा प्रश्न. तासाभरात वाचून होणाऱ्या पुस्तकावर वर्षानुवर्षं मालिका चालवायची, तर भर कशाची घालायची?

उदाहरण ब्रिटनमधलं : ‘द वर्स्ट विच’. जिल मर्फी यांनी ही गोष्ट शाळकरी वयातच लिहायला घेतली, चित्रंही त्यांचीच. चेटकिणींची शाळा म्हटल्यावर मुलं घाबरतील, या शंकेने प्रकाशकांनी ती नाकारली. अखेर १९७४ साली पुस्तक आलं आणि मुलांनी उचलून धरलं.

गोष्टीतल्या कॅकल बाईंच्या या शाळेत प्रत्येक मुलीला समारंभपूर्वक काळं मांजर मिळतं. गोष्टीची नायिका मिल्ड्रेड हबल हिची पाळी येते तेव्हा काळी मांजरं संपलेली असतात. तिच्या हाती पडतं पट्टेरी पिल्लू, तेही झाडूवर बसायला घाबरणारं. परीक्षेत हसवणारं औषध करायचं, तर ही अदृश्य करणारं करून ठेवते. विनोद जादूतून येत नाही, शाळेतून येतो. शिस्तीचा बडगा, चुगलखोर एथेल, पाठराखण करणारी मॉड... झाडू आणि कढया काढून घेतल्या, तरी ही कुठल्याही शाळेची गोष्ट उरते. मर्फींनी आपल्याच कॉन्व्हेंट शाळेवरून ती बेतली होती.

टीव्हीला हे सोयीचंच. पुस्तकातल्या कडक शिक्षिका हार्डब्रूम बाई नको त्या क्षणी अचानक समोर उभ्या ठाकतात. पडद्यावर त्यासाठी खर्चिक करामती लागत नाहीत, संकलकाची एक कात्री पुरते.

१९८६ साली टीव्हीपट झाला. त्यात हार्डब्रूम बाई झाल्या डायना रिग. १९९८ ते २००१ या काळात मालिका चालली. पुढे ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचलेल्या फेलिसिटी जोन्स तिच्यात एथेल होत्या.

खरी कलाटणी दिली ती २०१७च्या मालिकेने. बेला रॅम्झी यांची मिल्ड्रेड चेटकिणींच्या घराण्यातली नाही. ती आईबरोबर साध्या फ्लॅटमध्ये राहते. मॉडचा झाडू भरकटून तिच्याकडे येतो आणि ती या दुनियेत शिरते. हा एक बदल केला आणि लेखकांना हवं ते सगळं मिळालं. मिल्ड्रेडला काहीच ठाऊक नाही, म्हणून प्रेक्षकालाही तिच्याबरोबर सगळं कळत जातं. एथेलच्या हिणवण्याला कुळाचा माज जोडता येतो. आणि जादूचा गंध नसलेली आई शाळेत आली की गोंधळ ठरलेलाच. त्या जोरावर मालिका २०२०पर्यंत चार सीझन चालली.

रूपांतर करणाऱ्यांनी यातून एक घ्यावं : छोट्या पुस्तकाची मालिका करताना चमत्कार वाढवून भागत नाही, पात्राची अडचण वाढवावी लागते. मुलं झाडूच्या कौतुकाने एखादा भाग बघतील. पुढचा बघतील ते मिल्ड्रेड आता यातून कशी सुटते, या काळजीने.

पुढच्या आठवड्यात : पुस्तकातली चित्रं आणि पडद्यावरचे चेहरे.