रॉक आणि बालवाङ्मय (लेखांक 4) : बासरीवाला आणि बुटका

1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात ब्रिटन आणि अमेरिकेत घडलेल्या रॉक संगीताचा विषय निघाला की विजेवरच्या गिटारी, कानठळ्या बसवणारा आवाज आणि तरुणांची बंडखोरी यांचीच चर्चा अधिक होते. परंतु ते संगीत रचणाऱ्यांपैकी अनेकांच्या कल्पनाशक्तीचे पोषण लहानपणी वाचलेल्या अद्भुतकथांवर, म्हणजे बोलणारे प्राणी, बुटके, जादूगार आणि निसर्गदेवता जिथे सहज वावरतात अशा कथांवर झालेले होते. या ऋणाचे दोन प्रकार मानता येतात. पहिल्यात गीतकार पुस्तकातून केवळ नावे उचलतो, तर दुसऱ्यात तो पुस्तकाची घडण आत्मसात करून ती सुरांत उतरवतो, आणि हा दुसरा प्रकार अर्थातच दुर्मीळ आहे.

पहिल्या प्रकाराचे ठळक उदाहरण लेड झेपेलिन या वाद्यवृंदाचे आहे. टॉल्किन यांची 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही महाकादंबरी 1954–55 मध्ये प्रसिद्ध झाली असली, तरी 1965 मध्ये अमेरिकेत तिच्या स्वस्त कागदी बांधणीच्या आवृत्त्या निघाल्यावरच ती महाविद्यालयीन तरुणांच्या हाती मोठ्या प्रमाणावर पडली. झेपेलिनच्या 1969 मधील 'रॅम्बल ऑन' या गाण्यात त्या कादंबरीतला मॉर्डॉर हा काळोखा प्रदेश आणि गोलम हे पात्र येते खरे, पण मूळ कथेशी फारकत घेऊन. नायकाची प्रेयसी पळवण्याचे काम तिथे गोलमकडे आले आहे! गाणे झकास आहे, मात्र त्यातली नावे बदलली तरी त्याचे काहीही बिघडणार नाही.

जेफरसन एअरप्लेन या सॅन फ्रान्सिस्कोच्या वाद्यवृंदाच्या 1967 मधील 'व्हाइट रॅबिट' या गाण्याविषयी असे म्हणता येत नाही. गायिका ग्रेस स्लिक हिने ते लुईस कॅरल यांच्या ॲलिसच्या दोन पुस्तकांवरून रचले असून त्यात सशासोबत बुद्धिबळाच्या सोंगट्याही येतात. त्याची चाल बोलेरो या संथ स्पॅनिश नृत्याच्या ठेक्यावर बेतलेली आहे. बेस गिटारच्या दबक्या स्वरांनी सुरुवात होते, स्नेअर ड्रम लष्करी शिस्तीत वाजत राहतो, पुन्हा पुन्हा परतून येणारे ध्रुवपद मुळीच नाही, आणि जेमतेम अडीच मिनिटांत आवाज चढत चढत टोकाला पोहोचतो. ॲलिसचे सशाच्या बिळात कोसळणेही असेच, मध्ये थांबायला जागा न देणारे आहे. मुलांना औषधाचे घोट घेणाऱ्या ॲलिसच्या कथा वाचून दाखवायच्या आणि तीच मुले मोठी होऊन अमली पदार्थांकडे वळली की नवल करायचे, या पालकांच्या विसंगतीवर स्लिकचा रोख होता.

याहून खोल नाते पिंक फ्लॉइडच्या पहिल्या अल्बममध्ये आढळते. ऑगस्ट 1967 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अल्बमचे 'द पायपर ॲट द गेट्स ऑफ डॉन' हे नाव केनेथ ग्रॅहम यांच्या 1908 मधील 'द विंड इन द विलोज' या पुस्तकाच्या सातव्या प्रकरणाचे आहे. वृंदाचा प्रमुख गीतकार सिड बॅरेट याला ते पुस्तक अत्यंत प्रिय होते. त्या प्रकरणात हरवलेल्या पाणमांजराच्या पिल्लाला शोधण्यासाठी पाणउंदीर आणि चिचुंद्रीसारखा मोल रात्री नदीतून होडी वल्हवत निघतात, पहाटेच्या सुमारास त्यांना बासरीचे सूर ऐकू येतात, आणि त्या सुरांमागे गेल्यावर ग्रीक पुराणातला अर्धमानव, अर्धअज असा पॅन हा निसर्गदेव दिसतो, ज्याच्या पायांशी पिल्लू सुखाने झोपलेले असते. दर्शनाच्या आठवणीने पुढचे साधे आयुष्य झाकोळून जाऊ नये म्हणून देव त्यांना विस्मरणाचे वरदान देतो. पुस्तकातील इतर धमाल प्रसंगांशी हे प्रकरण जुळत नाही असे वाटल्यामुळे काही संक्षिप्त आवृत्त्यांतून ते गाळले गेले. वास्तविक सगळे पुस्तक त्याच्याभोवती तोललेले आहे.

नवल असे की अल्बममधील एकही गाणे ही कथा सांगत नाही. बॅरेटने उचलली ती प्रकरणाची रीत, म्हणजे घरगुती आणि विराट यांना मध्ये दार न ठेवता शेजारी बसवणे. ब्रिटिश तबकडीच्या दुसऱ्या बाजूला 'इंटरस्टेलर ओव्हरड्राइव्ह' हे सुमारे दहा मिनिटांचे, शब्दविरहित, अवकाशात भरकटल्यासारखे वादन आहे. ते ओसरते न ओसरते तोच 'द नोम' हे एका बुटक्याविषयीचे, बडबडगीताच्या वळणाचे गाणे सुरू होते. हा क्रम ऐकताना होणारी गंमत वेगवेगळी गाणी सुटी ऐकून मिळत नाही, आणि अमेरिकन तबकडीत क्रम बदलल्याने ती तिथल्या श्रोत्यांना मिळालीही नाही. म्हणूनच आधी सातवे प्रकरण वाचून मग ही बाजू सलग ऐकणे अधिक आनंदाचे ठरते.

याच अल्बममधील 'मटिल्डा मदर' या गाण्यासाठी बॅरेटने आरंभी हिलेअर बेलॉक यांच्या मुलांसाठीच्या विनोदी बोधकवितांतील ओळी वापरल्या होत्या, पण त्यांच्या हक्कदारांनी परवानगी नाकारल्याने त्याला नवे शब्द लिहावे लागले. नव्या शब्दांत आई गोष्ट वाचता वाचता थांबते आणि मूल पुढचे ऐकण्यासाठी हट्ट धरते. गाण्याचा विषय आता उसनी कथा राहिली नाही, तर कथा ऐकण्याची भूकच झाली. बेलॉक यांच्या ओळींचे जुने ध्वनिमुद्रण अनेक वर्षांनी उपलब्ध झाले असून दोन्ही ऐकल्यावर त्या नकाराने गाण्याचे भलेच केले, याविषयी फारशी शंका उरत नाही.