दोन काटे एकदम वर का जातात?

जुन्या मोटारीच्या डॅशबोर्डवर एक काटा टाकीतले पेट्रोल दाखवतो, दुसरा इंजिनाच्या पाण्याचे तापमान. समजा, एके दिवशी दोन्ही काटे नेहमीपेक्षा वर दिसू लागले. टाकी भरल्यासारखी, पाणी उकळायला आल्यासारखे! गॅरेजमध्ये अशा वेळी पुष्कळदा आधी टाकीतला फ्लोट बदलतात, मग तापमानाचा सेन्सर. पैसे जातात, काटे वरच राहतात. दोष तिसऱ्याच ठिकाणी असतो आणि तो शोधायला लागणारे भौतिकशास्त्र शालेय पुस्तकातलेच आहे.

१९६० च्या दशकातील ट्रायम्फ स्पिटफायर किंवा मिनी यांसारख्या ब्रिटिश गाड्यांचे उदाहरण घेऊ. काट्यामागे एक द्विधातू पट्टी असते आणि तिच्याभोवती रोधक तारेचे वेटोळे. तारेतून विद्युतधारा गेली की ती तापते, पट्टी वाकते आणि काट्याला ढकलते. इथे चुंबकाचा संबंध नाही. म्हणूनच किल्ली फिरवल्यावर हा काटा सावकाश चढतो. त्याआधीच्या गाड्यांतला चुंबकीय काटा किल्ली फिरवताच टुणकन उडतो आणि वळणावर पेट्रोल हिंदकळले की नाचतो. तेव्हा पहिली तपासणी कोणत्याही अवजाराशिवाय करता येते. काटा चढतो की उडतो, ते पाहा. पुढचे विवेचन चढणाऱ्या काट्याचे आहे.

चौकस विद्यार्थी इथे विचारील, ‘उन्हात गाडी तापली तर पट्टी आपोआप वाकणार नाही का?’ प्रश्न रास्त आहे. त्यासाठी पट्टी इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराची करतात आणि वेटोळे तिच्या एकाच पायाभोवती गुंडाळतात. उन्हाने दोन्ही पाय सारखेच वाकतात व परिणाम एकमेकांना मारतात. विजेने एकच पाय तापतो.

टाकीत फ्लोटला जोडलेला बदलता रोध असतो. टाकी भरलेली असता तो सुमारे २० ओहम, रिकामी असता सुमारे २४० ओहम. काट्याच्या वेटोळ्याचा रोध ६० ओहम धरू आणि मंडलाला १० व्होल्ट देऊ. भरल्या टाकीला धारा १० भागिले ८०, म्हणजे ०.१२५ अँपिअर, रिकाम्या टाकीला १० भागिले ३००, म्हणजे सुमारे ०.०३३ अँपिअर. धारा पावणेचार पट, पण उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणून ती चौदा पट! तापमानाच्या काट्याचे मंडलही असेच आहे. फक्त फ्लोटऐवजी तिथे तापल्यावर रोध कमी होणारा थर्मिस्टर असतो.

पण बॅटरी तर १२ व्होल्टची, आणि इंजिन चालू असताना विभवांतर १४ पर्यंत जाते. मग हे १० व्होल्ट आले कुठून? ते देतो डॅशबोर्डमागचा एक छोटा डबा, व्होल्टेज स्टॅबिलायझर. आपल्या फ्रिजशेजारच्या खोक्याशी त्याचे फक्त नावाचे साम्य. यातही एक द्विधातू पट्टी व वेटोळेच असते, पण ही पट्टी काटा ढकलत नाही, स्विच उघडते. तापली की वाकून मंडल तोडते, थंड झाली की जोडते. हे सतत चालू राहते. बॅटरीचा जोर वाढला की पट्टी लवकर तापते आणि स्विच कमी वेळ जोडलेला राहतो. उष्णता विभवांतराच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने हिशेब सोपा आहे. १४ चा वर्ग १९६, १० चा वर्ग १००. म्हणजे स्विच सुमारे ५१ टक्के वेळ जोडलेला. १२.५ व्होल्टला तोच ६४ टक्के. दोन्ही वेळा काट्याला मिळणारी उष्णता अगदी १० व्होल्टइतकीच. मला स्वतःला ही युक्ती फार आवडते. काट्याला फक्त उष्णता कळते, म्हणून स्थिर विभवांतराऐवजी स्थिर उष्णता पुरवली!

इथेच मोजणाऱ्याची फसगत होते. स्टॅबिलायझरला साधा डीसी व्होल्टमीटर लावला तर वाचन ० आणि १४ यांच्यात हेलकावे खाते आणि सरासरी येते ७ च्या आसपास. ‘दहा मिळत नाहीत’ म्हणून चांगला डबा फेकून देऊ नये. मीटरऐवजी छोटा दिवा लावावा. तो लुकलुकला तर स्विच काम करतो आहे.

दिवा अखंड जळला तर स्विच चिकटला आहे, किंवा डब्याचा अर्थ तुटला आहे. वेटोळ्यातली धारा डब्याच्या पत्र्यातूनच गाडीच्या बॉडीत परतते. तिथे गंज वा रंग आला की वेटोळे तापत नाही, स्विच उघडत नाही आणि काट्यांना थेट १४ व्होल्ट, म्हणजे जवळजवळ दुप्पट उष्णता मिळते. म्हणून दोन्ही काटे एकदम वर! स्क्रू काढून पत्रा घासला की पुष्कळदा काम भागते. दिवा मुळीच लागला नाही तर दोन्ही काटे मेलेले असतील. मग आधी फ्यूज पाहावा.

एकच काटा बिघडला असेल तर स्टॅबिलायझरला दोष देऊ नये. काट्याकडून सेन्सरकडे जाणारी तार डॅशबोर्डमागे सोडवावी. काटा खाली पडला पाहिजे. ती टोकाची जागा २० ओहमच्या रोधातून बॉडीला जोडली की काटा ‘भरलेली’कडे चढावा. चढला तर काटा ठीक, दोष तारेत वा सेन्सरमध्ये. रोध न घालता थेट जोडल्यास वेटोळे जळू शकते. ही चाचणी टाकीपाशी मात्र कधीच करू नये. पेट्रोलच्या वाफेला एक ठिणगी पुरते. काटा कायम ‘रिकामी’वर असेल आणि तार ठीक असेल, तर पोकळ फ्लोटला भोक पडून तो बुडाला असण्याची शक्यता मोठी. असा फ्लोट डाग देऊन दुरुस्त करण्यापेक्षा बदलावा, कारण आत पेट्रोल उरलेले असते.

तापमानाच्या काट्याबाबत आणखी एक सावधगिरी. पाणी पूर्ण गळून गेले तर थर्मिस्टर हवेत उघडा पडतो आणि इंजिन तापत असूनही काटा खाली राहू शकतो.

नवा स्टॅबिलायझर मिळाला नाही तर ७८१० ही तीन पायांची आयसी त्याच जागी बसवता येते. ती लुकलुकत नाही, सरळ १० व्होल्ट देते. मात्र तिला आत सुमारे १२ व्होल्ट तरी हवेत. शिवाय त्या काळच्या पुष्कळ ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे. एमजीबीत ही पद्धत १९६७ पर्यंत होती. अशा गाडीत ७९१० लागते. द्विधातू पट्टीला धारेची दिशा कळत नसल्याने जुना डबा मात्र दोन्हीकडे चालतो.