प्रश्नाला टोक आणणारं ग्रंथालय

१९२४ च्या जानेवारीत मद्रास विद्यापीठाला आपला पहिला ग्रंथपाल मिळाला. पदासाठी सुमारे नऊशे अर्ज आले होते आणि ग्रंथालयाच्या कामाचं रीतसर शिक्षण त्यांतल्या कुणाचंच झालेलं नव्हतं, असं सांगतात. निवड झाली ती प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवणाऱ्या शियाली रामामृत रंगनाथन यांची. वय एकतीस. गणितावरचे मोजके शोधनिबंध नावावर होते, आणि संशोधनाची सवय असलेला माणूस विद्यापीठाला हवा होता. ग्रंथालय चालवायचं कसं याबद्दलची त्यांची शिदोरी म्हणजे मुलाखतीच्या आधी ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’त वाचलेला एक लेख.

वर्ग शिकवण्याची सवय असलेल्या माणसाला ती शांतता सोसवेना. वाचक फारसे फिरकत नसत आणि दिवसभर करायला काही नसे. थोड्याच दिवसांत ते कॉलेजच्या प्राचार्यांकडे परत गेले आणि शिकवण्याची जागा पुन्हा मागू लागले. तडजोड ठरली ती अशी : आधी लंडनला जाऊन ग्रंथालयशास्त्र शिकून यायचं आणि त्यानंतरही मन रमलं नाही तर परत शिकवायला यायचं. त्यानंतर ते गणिताच्या वर्गावर परतले नाहीत. पण त्यांनी शिक्षकी सोडली, असं मात्र मला वाटत नाही. मद्रासच्या ग्रंथालयात पुढची वीस वर्षं त्यांनी जे केलं, ते शिक्षकाचंच काम होतं. विद्यापीठाचं ग्रंथालय हा अध्यापनाचा एक विभाग आहे, ही गोष्ट भारतात इतक्या तपशिलाने आणि इतक्या आग्रहाने त्यांच्याआधी कुणी मांडली नव्हती.

सार्वजनिक ग्रंथालयांचा पाया आपल्याकडे आधीच घातला गेला होता. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून आणलं आणि १९११ मध्ये तिथे ग्रंथालयाच्या कामाचा वर्गही सुरू झाला. विद्यापीठाच्या ग्रंथालयाची गोष्ट वेगळी होती. मुंबई, कलकत्ता, मद्रास ही तिन्ही विद्यापीठं १८५७ ची, आणि आरंभीची अनेक दशकं त्यांचं मुख्य काम परीक्षा घेऊन पदव्या देण्याचं. परीक्षा ठरलेल्या पुस्तकांवर आणि उत्तरं ठरलेल्या टिपणांतून, अशी रीत असली की ग्रंथालयात जाण्याचं कारणच उरत नाही.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात रंगनाथन यांना डब्ल्यू. सी. बेर्विक सेयर्स हे शिक्षक भेटले. सेयर्स स्वतः क्रॉयडनचे ग्रंथपाल. त्यांच्या सांगण्यावरून रंगनाथन यांनी इंग्लंडातली शंभराहून अधिक ग्रंथालयं पाहिली. कामगार, गृहिणी, शाळेतली मुलं अशी सगळी माणसं पुस्तकं हाताळताहेत, हे दृश्य त्यांना नवीन होतं. त्याच काळात सेल्फ्रिजेसच्या दुकानात मुलांचा मेकॅनो त्यांच्या नजरेला पडला. त्याच त्या पट्ट्या आणि त्याच चकत्या, पण नट-बोल्टने जोडाल तसं खेळणं निराळं. ग्रंथांच्या वर्गीकरणाची जी अडचण मनात घोळत होती, तिचं उत्तर त्यांना तिथे सापडलं.

अडचण समजून घेण्यासारखी आहे. मेलविल ड्यूईची दशांश पद्धत १८७६ ची. ज्ञानाचे दहा मोठे वर्ग, प्रत्येकाचे दहा भाग आणि त्यांचे पुन्हा दहा. प्रत्येक विषयाचा आकडा आधीच छापून तयार असतो. नवा विषय आला, किंवा दोन विषयांच्या सांध्यावरचं पुस्तक आलं, की ते कुठेतरी कोंबावं लागतं. धर्माच्या शंभर आकड्यांपैकी बहुतेक ख्रिस्ती धर्माकडे होते, आणि जगातल्या उरलेल्या सगळ्या धर्मांना मिळून २९० पासूनचे दहा. मद्रासमध्ये संस्कृत आणि तमिळ ग्रंथांच्या राशी समोर असताना ही मांडणी किती अपुरी पडली असेल, याची कल्पना करता येते.

रंगनाथन यांनी तयार आकडे देण्याऐवजी सुटे भाग दिले आणि ते जोडायला विरामचिन्हं दिली. १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेली ही द्विबिंदू वर्गीकरण पद्धती. सुरुवातीला जोडणीचं चिन्ह एकच होतं, अपूर्णविरामाची दोन टिंबं, म्हणून हे नाव. पुढच्या आवृत्त्यांत विषयाकडे पाहण्याच्या पाच बाजू स्पष्ट झाल्या : अभ्यासाची नेमकी वस्तू कोणती, तिचा पदार्थ किंवा गुण कोणता, तिच्यावर कोणती क्रिया होते, कुठे आणि केव्हा. ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात नेहमी दिलं जाणारं उदाहरण आहे ‘एल,४५;४२१:६;२५३:एफ.४४'एन५’ हे. वैद्यक, त्यात फुफ्फुसं, त्यांचा क्षय, त्यावर उपचार, तो क्ष-किरणांनी, त्याबद्दलचं संशोधन, भारतातलं, १९५० मधलं. एका ओळीत विषय पूर्ण उलगडून समोर ठेवलेला.

हा वर्गांक पुस्तकाच्या पाठीवर चिकटवायची खूण म्हणून पाहिला तर किचकट वाटतो, आणि बऱ्याच ग्रंथपालांना तो तसा वाटलाही. मला त्यात दुसरंच काही दिसतं. वर्गांक बनवताना जे पाच प्रश्न पुस्तकाला विचारायचे, तेच वाचकालाही विचारता येतात. कृषी महाविद्यालयातला मुलगा येऊन म्हणतो, “शेतीवरचं पुस्तक पाहिजे.” कोणतं पीक? तूर. तुरीचं काय, लागवड की बाजारभाव की रोग? रोग. कोणता? मर. कुठल्या भागातला? मराठवाड्यातला. जुनी माहिती चालेल की गेल्या काही वर्षांतली? एवढं होईपर्यंत मुलाच्या प्रश्नाला टोक आलेलं असतं, आणि आपल्याला खरोखर काय हवंय ते त्यालाही पहिल्यांदा कळलेलं असतं. संशोधनाचं पहिलं पाऊल हेच. ते वर्गात क्वचितच शिकवलं जातं, कारण वर्गात प्रश्न शिक्षकाचा असतो. ग्रंथालयात तो वाचकाचा असतो.

रंगनाथन यांची पाच सूत्रं १९३१ मध्ये पुस्तकरूपाने आली. पुस्तकं वापरासाठी असतात, हे पहिलं. त्याचं श्रेय ते आपले गणिताचे गुरू एडवर्ड रॉस यांना देत. कल्पनांची गर्दी मनात होती, पण मूळ सूत्र सापडत नव्हतं, ते रॉस यांच्या तोंडून सहज निघालं. आज हे वाक्य ऐकून कुणी दचकणार नाही, पण रंगनाथन ते शेवटपर्यंत ताणतात. पुस्तकं वापरासाठी आहेत ना? मग ग्रंथालय गावाबाहेर का? ते वाचकांच्या कामाच्या वेळेतच उघडून कामाच्या वेळेतच बंद का होतं? मांडणी हाताच्या उंचीबाहेर का? नोकरवर्ग निव्वळ राखणदार का? प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, वाचकाचा वेळ वाचवणं आणि ग्रंथालय वाढत जाणारी संस्था असणं ही पुढची चार सूत्रंही अशीच रोजच्या व्यवहाराला भिडतात.

मद्रासमध्ये त्यांनी मुक्तद्वार पद्धत आणली. वाचकाने चिठ्ठी भरायची, शिपायाने आतून पुस्तक आणायचं आणि ते नको असलं तर पुन्हा चिठ्ठी, हा फेरा संपला. वाचक स्वतः मांडणीपर्यंत जाऊ लागला. एक पुस्तक शोधताना शेजारचं दुसरं हाती लागण्याची शक्यता त्यातून निर्माण झाली, आणि हे शेजार अर्थपूर्ण असावेत म्हणूनच वर्गीकरणाचा एवढा खटाटोप. १९३६ मध्ये मरिना किनाऱ्यालगत चेपॉकच्या आवारात ग्रंथालयाला स्वतःची इमारत मिळाली. ग्रंथालयशास्त्राचा वर्ग त्याआधीच, १९२९ मध्ये, मद्रास ग्रंथालय संघाने सुरू केला होता. दोन वर्षांनी तो विद्यापीठाने आपल्याकडे घेतला.

पण या सगळ्याच्या केंद्राशी होती संदर्भसेवा. तिच्यावरचं त्यांचं मोठं पुस्तक १९४० चं आहे. त्यांनी या सेवेचे प्रकार पाडले. पत्ता, तारीख, आकडा अशा प्रश्नांना तत्काळ उत्तर देणं वेगळं आणि संशोधकाबरोबर दिवसचे दिवस राहून माग काढणं वेगळं. या दोन्हींच्या आधी त्यांनी ठेवला तो नवागत वाचकाला ग्रंथालयाची दीक्षा देण्याचा भाग. ग्रंथालय कसं रचलंय, तालिका कशी वाचायची, कोशाचा उपयोग कसा करायचा, पुस्तकाच्या शेवटची सूची कशासाठी असते, हे सगळं कुणीतरी शेजारी उभं राहून दाखवायचं. ‘माहिती साक्षरता’ हा शब्दप्रयोग अमेरिकेत पॉल झुर्कोव्स्की यांनी १९७४ मध्ये रुजवला. त्याचा आशय मद्रासमध्ये काही दशकं आधी रोजच्या कामाचा भाग होता. आपल्याकडे या वारशाची आठवण १२ ऑगस्टला, ग्रंथपाल दिनी, निघते. रंगनाथन यांच्या तसबिरीला हार घातला जातो, ग्रंथप्रदर्शनं भरतात, ते चांगलंच आहे. पण त्यांच्या कामाचा जो गाभा, नवागताच्या शेजारी उभं राहणं, त्यासाठी किती महाविद्यालयांनी वेळापत्रकात तास ठेवलाय?

१९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने ग्रंथालयाला विद्यापीठाच्या कामाचं हृदय मानलं. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९५७ मध्ये ग्रंथालयांसाठी समिती नेमली, तिचे अध्यक्ष रंगनाथनच होते. द्विबिंदू पद्धती मात्र मागे पडली. सातवी आवृत्ती त्यांच्या मृत्यूनंतर, १९८७ मध्ये निघाली, आणि भारतातल्याही बहुतेक ग्रंथालयांनी ड्यूईची सोय पत्करली. तिच्यातला विचार जिवंत आहे. ओपॅकवर, म्हणजे ग्रंथालयाच्या ऑनलाइन तालिकेत, शोध घेताना डाव्या बाजूला विषय, लेखक, भाषा, साल असे गाळण्यांचे पर्याय दिसतात. दुकानांच्या संकेतस्थळांवर रंग, माप, किंमत निवडता येते. एका गोष्टीकडे अनेक बाजूंनी पाहण्याची ही रीत रंगनाथन यांनी ग्रंथालयाच्या जगात पक्की केली.

आज पुस्तक आणि वाचक यांच्यामधलं अंतर पूर्वीसारखं राहिलेलं नाही. भारतीय विद्यापीठांतले प्रबंध ‘शोधगंगा’वर खुले आहेत. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत केंद्र सरकारने २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये ठेवले, आणि तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिकं सरकारी शिक्षणसंस्थांना उपलब्ध झाली. लहान गावातल्या सरकारी महाविद्यालयालाही जी नियतकालिकं स्वप्नातही परवडली नसती, ती पडद्यावर आली. फार मोठी गोष्ट आहे ही. आणि त्यामुळेच विचारणाऱ्याचं कौशल्य अधिक उघडं पडतं. ‘शेतीवरचं’ असं टाइप केलं तर पूर्वी शंभर पुस्तकं समोर आली असती, आता लाखो लेख येतात.

त्याहून बिकट प्रश्न विश्वासाचा. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा बाजार आपल्याकडे फोफावला, कारण नेमणुका आणि बढत्या प्रकाशित लेखांच्या संख्येला बांधल्या गेल्या. २०१८ मध्ये पुण्याचे भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी अनुदान आयोगाची मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी तपासली. त्यांचा निबंध ‘करंट सायन्स’मध्ये आला. या गटात ग्रंथालयशास्त्राच्या अध्यापकही होत्या. विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत आलेल्या आणि इतर कोणत्याही प्रतिष्ठित सूचीत नसलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक कमी दर्जाची असू शकतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी आयोगाने ४३०५ नावं यादीतून काढली. त्यानंतरच्या ‘यूजीसी-केअर’ यादीचा कक्ष सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातच होता. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना संशोधन आणि प्रकाशननीतीचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रमही अनिवार्य झाला.

फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ‘केअर’ यादी बंद केली. नियतकालिक कसं पारखावं याचे निकष दिले आणि पारखण्याची जबाबदारी संस्थांवर सोपवली. म्हणजे संपादक मंडळातली माणसं खरोखर आहेत का, ती त्या विषयातली आहेत का, समीक्षेला किती अवधी लागतो, नियतकालिकाचा आयएसएसएन क्रमांक खरा आहे का, हे आता प्रत्येक महाविद्यालयाने पाहायचं. हे काम प्राचार्यांच्या कार्यालयातून होणार नाही. ते ज्याला जमतं, त्याचं पद महाविद्यालयात आहे. त्याला संशोधन समितीवर घ्यायला हवं, पदव्युत्तर वर्गांच्या वेळापत्रकात तास द्यायला हवेत, आणि पद रिकामं असेल तर ते भरायला हवं. देवघेवीच्या काउंटरवर एक लिपिक बसवून ही गरज भागत नाही.

आणखी एक काम गेल्या काही वर्षांत वाढलंय. चॅटबॉटकडून संदर्भयादी घेऊन विद्यार्थी ग्रंथालयात येतात. लेखकाचं नाव ओळखीचं, नियतकालिक खरं, शीर्षकही पटण्यासारखं, आणि असा लेख कधी लिहिलाच गेलेला नसतो. तपासायची रीत साधी आहे. लेखाचा डिजिटल ओळखक्रमांक, म्हणजे डीओआय, उघडतो का ते पाहायचं, त्या वर्षाच्या खंडाची अनुक्रमणिका काढायची, दिलेल्या पानांवर काय छापलंय ते बघायचं, लेखकाची प्रकाशनसूची चाळायची. पाच-दहा मिनिटांत उत्तर मिळतं. मग संदर्भसेवेतला माणूस ती यादी बाजूला ठेवतो आणि मुलाला विचारतो, पीक कोणतं, रोग कोणता, भाग कुठला, आणि कोणत्या वर्षांतली माहिती हवी.