वजनकाट्याला न दिसणारे

गुडघा झिजून जिना चढणे अशक्य झालेल्या माणसाला शल्यवैद्य कृत्रिम सांधा बसविण्याचा सल्ला देतात, तेव्हा त्याला आधी वजनकाट्यावर उभे केले जाते. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा अंक हा केतले या बेल्जियन गणितज्ञाच्या एकोणिसाव्या शतकातील कामातून आला. त्याला शोधायचा होता समाजातला ‘सरासरी माणूस’. एकेका रुग्णाचे भवितव्य ठरविणे त्याच्या मनातही नव्हते. तरीही अमेरिकेतील सांधेरोपण-शल्यवैद्यांच्या संघटनेने २०१३ साली असे सुचविले, की हा अंक ४० च्या वर असल्यास शस्त्रक्रिया लांबणीवर टाकण्याचा विचार व्हावा. १६० सेंटिमीटर उंचीच्या माणसाच्या बाबतीत ही मर्यादा सुमारे १०२ किलोंवर येते.

यामागील भीती खोटी नाही. त्वचेखालच्या चरबीला रक्तपुरवठा तुटपुंजा असतो. तेथील जखम सावकाश भरते आणि जंतूंना वाव मिळतो. धातूच्या सांध्यावर जंतूंचा चिकट थर एकदा जमला, की औषधांचे फारसे चालत नाही. पुष्कळदा सांधाच काढावा लागतो.

पण काट्याला चरबी आणि स्नायू यांतला भेद कळत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचाही अंक २२.३ होता, शरीरातील चरबी मात्र याज्ञिकांच्या ठायी २१.२ टक्के, तर युडकिन यांच्या ठायी ९.१ टक्के! ‘लॅन्सेट’ने २००४ साली ही जोडी सचित्र छापली.

दुखऱ्या गुडघ्याने वर्षानुवर्षे बसून राहिलेल्या वृद्धेचे स्नायू झडतात, त्यांची जागा चरबी घेते आणि वजन होते तेवढेच राहते. जखम भरण्यासाठी लागणारी प्रथिनांची शिल्लक स्नायूंतच असते. तरी ही वृद्धा निर्धोक ठरते, आणि धट्टाकट्टा पण वजनदार गृहस्थ परत पाठविला जातो. ज्या गुडघ्याने चालवत नाही त्याच्याच बळावर त्याने वजन उतरवावे, अशी अपेक्षा असते! घाईच्या उपासाने तर चरबीबरोबर स्नायूही जातात.

म्हणून आता शरीराचे घटक मोजण्याकडे लक्ष वळले आहे. सौम्य विद्युत्प्रवाह पाणीदार स्नायूंतून सहज वाहतो, चरबी त्याला अडविते; त्यावरून दोहोंचे प्रमाण काढता येते. अंगावर सूज असेल तर मात्र हे यंत्र फसते. दोन शक्तींच्या क्ष-किरणांचे मापन अधिक भरवशाचे, पण खर्चिक. कोणत्याही मापाने धोक्याचा अंदाजच बांधता येतो, आणि त्यात मधुमेह व धूम्रपान यांचाही हिशेब धरावा लागतो.

शिवाय चरबी कोठे आहे, हेही पाहावे लागते. पोटावरची चरबी गुडघ्याच्या छेदाच्या वाटेत येत नाही, गुडघ्यावरची येते. तिची जाडी बाजूने काढलेल्या क्ष-किरण चित्रावर मोजता येते, आणि गुडघ्याचे असे चित्र शस्त्रक्रियेपूर्वी एरवीही काढलेलेच असते.